डाव्या चाकातलं लिंबू

माय गेली तेव्हा लोकांनी दोष माझ्यावर टाकला. पोरीनं उशीर केला, म्हणाले. मायला त्रास सुरू झाला तेव्हा ही भाकरी थापत बसली होती, आधी टोपली भरली आणि मग धावली, असं मोठ्याईनं तेरवीला आलेल्या बायकांना सांगितलं. मोठ्याई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. बायकांनी माना हलवल्या. मी तिथंच उष्ट्या पत्रावळी उचलत होते, आणि मला ऐकू जाईल अशाच आवाजात त्या बोलत होत्या. खरं म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटलीच नव्हती, लाकडं भिजली होती. पण चौथीत शाळा सुटलेल्या, न्हातीधुती झालेल्या पोरीला कोण विचारतं? आता माझी नात म्हणते, आजी, जुनं सोडून दे, शांत वाटेल. मला शांत वाटायला नको होतं. खरं काय ते चार लोकांसमोर यायला पाहिजे होतं. ते आलं, आणि मीच आणलं.

आमचं घर शहराच्या कडेला, नंदनवन नावाच्या वस्तीत. तेव्हा तिथं शेतं मोडून नुकतेच प्लॉट पाडले होते. खांब रोवले होते, तारा यायच्या होत्या. पावसाळ्यात काळी माती अशी धरायची की चप्पल हातात घेऊन चालावं लागे. बाबा कोराडीच्या विजेच्या कारखान्यात कोळशाचा ट्रक चालवत. मधूनमधून घरी येत ते कानात, नाकात, पापण्यांवर राख घेऊनच. माय पाणी तापवून ठेवायची, आणि मोरीतून काळा ओघळ वाकड्यातिकड्या वाटेनं अंगणातल्या अळूपर्यंत जायचा. जेवताना बाबा ट्रकच्याच गोष्टी करत. ताटाच्या काठावर बोटानं वाजवून दाखवत, हे बेअरिंग गेलं, हा पाटा तुटला, हा नुसता दगड अडकला. माय म्हणायची, "जेवता का गिअर टाकता?" आणि ताटात अंबाडीची भाजी लोटायची. मी मात्र कान देऊन ऐकायची. शाळेतलं काही डोक्यात राहिलं नाही, हे राहिलं. बाबांचा एकच दोष, मोठ्या भावापुढं त्यांची मान वर होत नसे. मोठेबाबा आले की बाबा खाटेवरून उठून खाली बसत. मोठेबाबा बोलले की बाबा "हो दादा" म्हणत, मग ते काहीही बोललेले असोत.

मोठेबाबांनी त्यांच्या वाटणीचे प्लॉट विकले आणि वसंतादादासाठी एक पांढरी अँबेसेडर घेतली, जुनीच, पण रंग मारून चकचकीत केलेली. वसंतादादा त्यांचा एकुलता मुलगा. त्याचं लग्न कोराडीच्या कॉलनीतल्या एका फोरमनच्या मुलीशी ठरलं होतं. पण पुढं चातुर्मास, मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतरचा. गाडीची पूजा मात्र आषाढ लागताच झाली, मागच्या ले-आउटमधल्या त्यांच्या जुन्या गोठ्यात, कारण बाहेर पाऊस होता. घरातली कुमारिका म्हणून मोठ्याईनं मला बसवलं आणि चार लिंबांत चार लवंगा टोचायला सांगितल्या. लवंग टोचताना रस उडाला आणि नखाजवळ कापलं होतं तिथं असं चुरचुरलं की अजून आठवतं. चाकांपुढं लिंबं मीच ठेवली. गाडी पुढं घेतली, फस्स झालं, आणि ती तिथंच थांबली. पेढे वाटले. मायचं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं, म्हणून तिला गाडीजवळ येऊ दिलं नाही. दारातूनच पाहिली तिनं.

दोन-तीन दिवसांत मोठेबाबा सगळ्यांना सांगू लागले की गाडी कुहीला पाठवली. कुहीला मोठ्याईचा भाऊ राहायचा, धानाची शेती होती त्याची. आम्ही सगळीच पोरं त्याला कुहीचा मामा म्हणत असू. "त्याले फिराले लागते, पावसाळाभर राहू दे तिकडंच," असं मोठेबाबा म्हणाले. गोठ्याला कुलूप होतं. बंद गोठ्यात डोकावून पाहायचं कोणाला काय कारण?

भादव्यात, महिने भरायच्या आधीच, मायला रक्त जायला लागलं. बाबा कोराडीला. शेजारची म्हातारी आली, मायचं लुगडं पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, पळ, गाडीघोडं आण." मी चिखलातून पळत मोठेबाबांकडं गेले. ते जेवत होते. कोहळ्याची भाजी होती, वास अजून नाकात आहे. मी म्हटलं, माय रक्तात पडली. त्यांनी घास चावला, गिळला, आणि म्हणाले, "गाडी तं कुहीले आहे वं. रिक्षा पाह्य एखादा." मोठ्याई चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा पळाले. सायकल-रिक्षा मिळाला तो लांब, पक्क्या सडकेवर. आमच्या गल्लीत तो रुतला. मी आणि ती म्हातारी मागून ढकलत होतो, माय आत बसून माझं नाव घेत होती, मग तेही घेईनाशी झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणायला पाहिजे होतं. एवढंच. बाळही गेलं. बाबा आले तेव्हा अंगावर राख तशीच होती, आणि त्या दिवशी पाणी तापवायला कोणी नव्हतं.

घरात मरण झालं की वर्षभर घराण्यात लग्न करत नाहीत. पण मोठेबाबांनी जोशीबुवांना विचारून तोड काढली. मायची वरसी, म्हणजे वर्षाचं श्राद्ध, आधीच उरकून टाकायचं. तीन महिनेही झाले नव्हते, आणि मायचं वर्ष झालं. बाबा "हो दादा" म्हणाले. शिवाय, वसंतादादाला सख्खी बहीण नाही म्हणून करवली मीच, आणि भाड्याचा ड्रायव्हर कशाला, घरात ड्रायव्हर आहे, म्हणून गाडी बाबांनीच चालवायची. बाबा त्यालाही हो म्हणाले. मी त्या दिवशी बाबांचा राग केला. आता वाटतं, बरंच झालं हो म्हणाले ते.

लग्नाच्या सकाळी गाडी दारात आली, झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, सगळं लावून. "काल कुहीहून आणली," मोठेबाबा म्हणाले. पुढं बाबा आणि मोठेबाबा, मागं मोठ्याई, मुंडावळ्या बांधलेला वसंतादादा, आणि कऱ्हा हातात घेऊन मी. बाकी वऱ्हाड बसनं पुढं निघालं. आमची गल्ली ओलांडली आणि पहिल्याच वळणावर आवाज सुरू झाला. धप. धप. धप. पुढून, डाव्या अंगानं, मोठेबाबांच्या पायाखालून.

"दगड असन अडकला," मोठेबाबा म्हणाले.

"दगड असा नाही वाजत, दादा," बाबा म्हणाले.

"नजर लागली माया पोट्ट्याच्या गाडीले!" मोठ्याईनं वसंतादादाच्या डोक्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "उतरून नारळ फोडा म्हणते मी."

"आधी ऐकू तं दे वं," मोठेबाबा तिच्यावर खेकसले.

बाबा ऐकत होते. त्यांनी गाडी न्यूट्रल करून तशीच जाऊ दिली. आवाज होताच, म्हणजे इंजिनाचा नाही. ब्रेक लावून पाहिला, आवाज तसाच. गाडी डावी-उजवी झुलवून पाहिली. बेअरिंग असतं तर एका अंगावर भार पडला की घुं घुं वाढली असती, तीही वाढली नाही. मी मागं बसून तेच मोजत होते, जे बाबांनी ताटाच्या काठावर वाजवून शिकवलं होतं. गाडी हळू केली की धप लांब पडायची, वेग दिला की जवळजवळ यायची. चाकाच्या एका फेऱ्याला एकदा. मी म्हटलं, "बाबा, टायरमध्ये आहे. एकाच जागी."

"तू चूप बस, करवली आहेस का मिस्त्री?" मोठ्याई म्हणाली.

बाबांनी गाडी सडकेच्या कडेला घेतली. चाकाची टोपी काढली, आत काही नव्हतं. नट पाहिले, घट्ट होते. मग जॅक लावून चाक उचललं आणि मला हाक मारली, "कुसुम, ये इकडं. काडी धर." मी कऱ्हा वसंतादादाच्या मांडीवर ठेवला आणि उतरले. माळेतली आंब्याची एक काडी तोडली आणि टायरला जेमतेम टेकेल अशी धरली. बाबांनी चाक हातानं हळूहळू फिरवलं. काडी घासत होती, घासत होती, आणि एका जागी घासायची थांबली. तिथं मधे बोटभर फट पडली. पुन्हा घासायला लागली. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा फट. मी हात लावून पाहिलं. कोहळं हंगामभर एकाच कुशीवर पडून राहिलं की खालून चपटं होतं ना, तसं ते टायर चपटं झालं होतं.

आणि त्या चपट्या जागेत, रबराच्या खाचेत, काहीतरी काळं चिकटलं होतं. मी नखानं खरवडलं. लिंबाची साल होती, वाळून चामड्यासारखी झालेली. सकाळपासूनच्या चालीनं तिचा अर्धा भाग निघून गेला होता, उरलेला खाचेत घट्ट बसला होता. त्यात लवंगेची बोंडी होती.

बाबांनी पाहिलं. मी पाहिलं. आम्ही एकमेकांकडं पाहिलं नाही. मी ती साल मुठीत घेतली.

"काय आहे गा गोविंदा?" मोठेबाबा खिडकीतून डोकं काढून ओरडले.

"टायर बसलं आहे, दादा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की मी दचकले. "हवा कमी झाली, अन् गाडी एकाच जागी लय दिवस उभी राहिली, की टायर बसते."

"कुहीले उभीच असन. चिखलात कोण फिरवते?" मोठेबाबा पटकन म्हणाले. "जाऊ दे, स्टेपनी घाल अन् चाल लवकर."

बाबा डिकीकडं गेले. मी मागं गेले. त्यांनी स्टेपनीवर अंगठा दाबला. टणक होती, दगडासारखी. त्यांनी डिकी बंद केली आणि ओरडून सांगितलं, "स्टेपनीत हवा नाही, दादा." बाबा खोटं बोलल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला काय वाटलं ते सांगायला मला शब्द नाही. दुःख नव्हतं एवढं नक्की.

मग कोराडीपर्यंत बाबांनी गाडी बैलाच्या चालीनं नेली. वेगानं पळवली असती तर टायर तापून आवाज कमी झाला असता, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्यांनी तो कमी होऊ दिला नाही. धप. धप. धप. मोठेबाबांच्या पायाखाली, अख्ख्या शहरातून, सायकली आम्हाला मागं टाकून जात होत्या.

"अरे मुहूर्त टळते ना गा! जरा पाय दे!"

"चाक निसटलं तं, दादा? नवरदेव आहे गाडीत."

"मंग आवाज तरी बंद कर त्याचा!"

"तो आता बंद होत नाही, दादा."

मोठेबाबांनी बाबांकडं पाहिलं, पण बाबा सडकेकडं पाहत होते. कोळशाचे ट्रक समोरून येत होते, आणि बाबांचे ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न मारून हात दाखवत होते. बाबा कोणालाच हात दाखवत नव्हते.

मुहूर्त गाठला एकदाचा. अक्षता पडल्या. मी कऱ्हा धरला, जिथं उभी राहा म्हटलं तिथं राहिले. साल मी पोलक्याच्या आत ठेवली होती आणि ती टोचत होती. पंगत बसली. वांग्याची भाजी, बुंदी, वरण-भात. पहिल्या पंगतीत मोठेबाबा, त्यांच्या शेजारी मुलीचे वडील म्हणजे व्याही, आणि त्यांच्या पलीकडं कुहीचा मामा. समोर बायकांची पंगत, आमच्या नंदनवनातल्या, तेरवीला माना हलवलेल्या. मी वरणाची बादली घेतली. माझं काम नव्हतं ते, पण वाढणाऱ्याला कोण विचारतं? कुहीच्या मामापुढं थांबले आणि मोठ्यानं म्हटलं, "मामा, पावसाळाभर आमची गाडी सांभाळली, उपकार झाले तुमचे."

"कोणती गाडी वं?" मामाचा घास हातातच राहिला.

"ते काय, बाहेर उभी आहे. नवरदेवाची."

मामा हसला. बिचारा साधा माणूस. "माया घरी? मी तं आज पहिल्यांदा पाहून राहिलो बाई. आमच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात बैलबंडी फसते, अन् हे डुक्कर कुठं चालन?"

आजूबाजूचे हसले. मोठेबाबा हसले नाहीत. "ए पोट्टे, वरण वाढ अन् पुढं हो."

मी बादली खाली ठेवली. "मंग मोठेबाबा, माय रक्तात पडली होती तेव्हा गाडी कुठं होती?"

मी पोलक्यातून ती साल काढली आणि मोठेबाबांच्या पत्रावळीत बुंदीशेजारी ठेवली. "हे लिंबू म्या ठेवलं होतं चाकाखाली. लवंग म्या टोचली होती. आषाढात. कुहीले जाऊन आलं असतं तं राहिलं असतं का हे? चाक हाललंच नाही तुमचं. गाडी गोठ्यात होती. मी तुमच्या दारात उभी होती अन् गाडी गोठ्यात होती."

मोठेबाबा काही बोलले असते तर कदाचित निभावलं असतं. ते नेहमी वेळ मारून नेत. पण समोरच्या पंगतीतून मोठ्याईच ओरडली. "जोशीबुवानं सांगतलं होतं वं! पहिल्यांदा नवरदेव बसला पाहिजे, तवरीक चाक फिरू नाही म्हणे! अन् बाळंतिणीचं रक्त, विटाळ, नव्या गाडीत कसं बसवू? काही समजते का तुले?"

तिला वाटलं, ती बाजू मांडते आहे. सगळ्यांनी ऐकलं. शेजारची ती म्हातारी, जी माझ्यासोबत रिक्षा ढकलत होती, ताटावरून उठली आणि मोठ्याईला म्हणाली, "भाकरी थापत होती म्हणे पोरगी! लाज वाटते का तुले?" इतके दिवस म्हातारी का बोलली नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही. तिचा मुलगा मोठेबाबांकडं कामाला होता.

व्याही हात न धुता तसेच उभे राहिले. सावकाश बोलणारा माणूस. "म्हणजे घरची बाई मरून राहिली होती, अन् गाडी घरी होती?" ते म्हणाले, "माझी पोरगी त्या गाडीत बसणार नाही."

मोठेबाबांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला, मुद्दाम पाहिला. शुभ राहावी म्हणून ज्या गाडीचं चाक फिरू दिलं नाही, तिलाच आता सगळा मांडव अशुभ म्हणत होता. मला फार बरं वाटलं. वाचणाऱ्याला हे वाईट दिसेल, दिसू दे.

मग बाबा आले. ते मांडवाच्या खांबाजवळ उभे होते, जेवले नव्हते. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि त्याच पत्रावळीत, लिंबाजवळ ठेवली. "स्टेपनीत हवा आहे, दादा," ते म्हणाले. "बदलणारा पाहून घ्या." आणि मला म्हणाले, "चाल कुसुम." तेरवीला माना हलवणाऱ्यांपैकी एकीनं माझ्या तोंडावरून हात फिरवायला हात पुढं केला. मी तो बाजूला सारला.

आम्ही बाप-लेक कॉलनीच्या बसथांब्यावर उभे राहिलो. नवरा-नवरी वऱ्हाडाच्या बसनं गेली, आमच्यासमोरून, मुंडावळ्या लावून, खिडकीच्या सीटवर. गाडी मांडवाजवळच उभी होती. कोराडीत राख पडायची, झेंडूच्या माळांवर, काचेवर, बोनेटवर. बाबा पुढंही कोराडीला ट्रकवर होते, ते सांगत, गाडी अजून तिथंच आहे. दुसऱ्या पावसाळ्यात म्हणे चारही टायर बसले. मग भंगारवाला घेऊन गेला. वसंतादादाचा संसार चांगला झाला, सून चांगली निघाली. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच.

पुढं बाबांनी ट्रक सोडून ऑटो घेतला. मी लग्नानंतर माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. भर दुपारी मोठेबाबा दारात आले, छाती धरून, घामानं निथळत, मोठ्याईच्या खांद्यावर हात. पार वाळले होते. "गोविंदा आहे का वं? दवाखान्यात न्यायचं होतं." ऑटो माझ्यामागं अंगणात उभा होता, नुकताच धुतलेला, पाणी गळत होतं. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "गाडी कुहीले आहे."

त्यांनी ऑटोकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मोठ्याई रडायला लागली. मोठेबाबा ओट्यावर बसले आणि मान खाली घातली. त्यांना ऐकू गेलं होतं. मला तेवढंच पाहिजे होतं. आतून बाबा जेवता जेवता उठून आले, उष्ट्या हातानंच त्यांना उचललं, ऑटोत बसवलं आणि नेलं. मोठेबाबा वाचले, पुढं बरीच वर्षं जगले.

बाबा परत आले, हात धुतले आणि पुन्हा त्याच ताटावर बसले. भाकर कडक झाली होती. मी दुसरी आणते म्हटलं तर नको म्हणाले. मग विचारलं, "भरलं का वं मन?"

मी म्हटलं, "नाही."

बाबांनी मान हलवली आणि भाकर वरणात कुस्करली.